हिब्रू शिकलेली पंडिता

केडगाव म्हटलं की आपल्या नाशिककडच्या बायकांना आठवतं ते नगरजवळचं, देवीचं केडगाव. मी म्हणतेय ते दुसरं. मनमाडहून दौंडकडे जाणारी गाडी पकडायची, दौंडहून पुण्याच्या वाटेला लागायचं, की थोड्याच वेळात हे केडगाव स्टेशन येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. आजही ते चालू आहे.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या असतात. (न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई वेगळ्या, ही गल्लत अजून होते!) संस्कृत पंडिता, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, दुष्काळातल्या मुलींना उचलून आणणाऱ्या, धर्मांतर केलेल्या... एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण आयुष्याची शेवटची जवळजवळ अठरा वर्षं ही बाई रोज काय करत होती, हे कुणी फारसं सांगत नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक या दोन जुन्या भाषा शिकल्या आणि त्यावरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. १९०४ च्या सुमाराला हे काम सुरू झालं तेव्हा त्यांचं वय होतं सेहेचाळीस. कानांनी साथ सोडत आणली होती. भोवती शेकडो मुली, बायका, पोरंबाळं, त्यांचं दोन वेळचं जेवण, आजारपणं, शाळा, शेत. त्यातून वेळ काढून हे.

का? इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. मराठी बायबलही बाजारात होतं. श्रीरामपूरच्या (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधल्या) मिशनऱ्यांनी मराठीतलं पहिलं शुभवर्तमान १८०५ सालीच छापलं होतं. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे संपूर्ण बायबल काढलं. मग एवढा खटाटोप कशासाठी?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्याला शिकायला होते. त्यांचे गुरुजी पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणसाच्या तोंडून संस्कृत ऐकून हा विद्यार्थी इतका चकित झाला की आपल्याही बायकोला शिकवायचंच, असं त्यानं ठरवलं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. दुसरी बायको लक्ष्मीबाई. तिला शिकवता यावं म्हणून शास्त्रीबुवांनी गंगामूळच्या रानात घर केलं. तिथं १८५८ साली रमाबाई जन्मल्या आणि संस्कृत शिकल्या त्या आईकडून! पहाटे आई जागं करायची, मांडीवर घेऊन श्लोक म्हणून घ्यायची. पुढे तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब पायी देशभर हिंडलं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

वीस वर्षांची ही मुलगी १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पण एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. केशवचंद्र सेनांनी तिला विचारलं, वेद वाचलेत का? ती म्हणाली, बायकांना तो अधिकार नाही. सेनांनी वेदाची एक प्रत तिच्या हातात ठेवली. म्हणजे बघा, भागवत मुखोद्गत असलेल्या, सभेत शास्त्र्यांना उत्तरं देणाऱ्या पंडितेनंसुद्धा ते पुस्तक तोवर उघडलं नव्हतं. कुणीतरी लक्ष्मणरेषा आखलेली, आणि आपणही ती मानलेली.

त्याच कलकत्त्यात ख्रिस्ती मंडळींनी तिला बायबलही दिलं होतं. संस्कृतमधलं! तिनं ते चाळलं आणि बाजूला ठेवलं. भाषा संस्कृत असूनही तिच्या ओळखीच्या संस्कृतसारखी ती वाटेना. तिनंच पुढे लिहून ठेवलंय की ते वाचणं तिला वेळ फुकट घालवण्यासारखं वाटलं. मला तर वाटतं, केडगावच्या त्या अठरा वर्षांचं मूळ इथंच कुठंतरी असावं. भाषांतर बेतलं नाही तर काय होतं, हे तिनं वाचकाच्या जागेवर बसून अनुभवलं होतं.

लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि दोन वर्षांच्या आत नवरा कॉलऱ्यानं गेला. १८८३ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावर पुण्यात जे काही झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण नव्या धर्मातही बाईंचं सुरळीत चाललं होतं असं नाही हं! काय मानायचं ते वडीलधाऱ्यांनी सांगावं आणि आपण 'हो' म्हणावं, हे त्यांना जमेना. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या दोन बिशपांनी आक्षेप घेतला, त्यावरूनही खटके उडाले. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन शब्द कशाला, आमच्या लोकांना कळेल असं संस्कृत का नको, असंही त्यांनी आपल्या गुरुभगिनींना पत्रातून विचारलं होतं. पवित्र म्हणून पुढ्यात ठेवलेली प्रत्येक भाषा त्या तपासून बघत होत्या. ती कुणाला कळते? कुणाला कळत नाही? आणि न कळण्यात कुणाचा फायदा आहे?

आता जरा त्या हिब्रूकडे वळू. मराठी बायबलात तिला 'इब्री' म्हणतात. ज्यू लोकांचा धर्मग्रंथ, ज्याला ख्रिस्ती लोक 'जुना करार' म्हणतात, तो जवळजवळ सगळा या भाषेत आहे, थोडा भाग अरामी भाषेत. हिब्रू, अरामी, अरबी या एकाच घरातल्या बहिणी, जशा मराठी, गुजराती, हिंदी. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षरं फक्त बावीस, आणि सगळी व्यंजनंच. काना-मात्रा-वेलांटी नाहीच! कल्पना करा, कुणी नुसतं 'म' आणि 'ल' लिहून ठेवलंय. ते मूल म्हणायचं, माल म्हणायचं, मोल की मैल? मागचंपुढचं वाचून ओळखायचं. उच्चार विसरले जाऊ नयेत म्हणून इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकात ज्यू पंडितांनी अक्षरांच्या खाली-वर बारीक ठिपके आणि रेघा दिल्या. त्यांच्या जिवावर आज ते वाचता येतं.

आणि गंमत म्हणजे ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. तिच्यात शब्दांचं मूळ बहुतेक तीन व्यंजनांचं असतं आणि त्यातून शब्दांचं सगळं खटलं उभं राहतं. श-ल-म वरून 'शालोम', म्हणजे शांती, कुशल. तिची बहीण अरबी, तिच्यातला 'सलाम' आपण रोज वापरतो. हिब्रूत राजाला म्हणतात 'मेलेख'. अरबीतून आपल्याकडे आलेला 'मालक' त्याच मुळाचा. आणि हिब्रूतला जमाखर्च म्हणजे 'हेश्बोन'. ओळखलंत? आपला महिनाअखेरचा हिशेब!

एका मुळापासून शब्दांची फांदी-फांदी फुटणं हे संस्कृत शिकलेल्या माणसाला नवं नसतं. आपल्याकडे धातू, त्यांच्याकडे मूळ. आपल्याकडे करणे-करवणे, तसंच त्यांच्याकडेही क्रियापदाचा साचा बदलला की खाल्लं-खायला घातलं असा अर्थ बदलतो. चाळिशी उलटल्यावर नवी लिपी गिरवायला बसलेल्या रमाबाईंना आईनं पहाटे घोटून घेतलेलं व्याकरण उपयोगी पडलंच असणार.

इंग्रजीवरून भाषांतर केलं असतं तर काय बिघडलं असतं, ते आता बघा. इंग्रजीत 'यू' म्हणजे तू, तुम्ही, बाई, बुवा, एक, अनेक, सगळंच. हिब्रूत बाईशी बोलताना 'तू' वेगळा, पुरुषाशी बोलताना वेगळा. मराठीतही 'तू आलास' आणि 'तू आलीस' यात फरक आहेच. म्हणजे हिब्रूतून थेट मराठीत आलं तर बाई बाईच राहते. इंग्रजीच्या दारातून आलं तर ती मधेच नाहीशी होते. अडुसष्टाव्या स्तोत्रात शुभवार्ता सांगत निघालेल्या मोठ्या समुदायाचा उल्लेख आहे. मुळातला शब्द स्वच्छ स्त्रीलिंगी आहे, वार्ता सांगणाऱ्या त्या बायका आहेत. जुन्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र त्यांचं बाईपण दिसतच नाही. १८८५ च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत त्या पुन्हा बायका झाल्या!

तसंच हव्वेचं. आदमाला मदतनीस म्हणून देवानं तिला निर्माण केलं, हे आपण कुठंतरी ऐकलेलं असतं. मदतनीस म्हटलं की हाताखालची, वरकामाची असं वाटतं ना? मूळ शब्द आहे 'एझेर'. स्तोत्रांत हाच शब्द खुद्द देवासाठी येतो, संकटात धावून येणारा या अर्थानं. आणि 'रुआख', म्हणजे श्वास, वारा, आत्मा, हा हिब्रूत बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. मराठीत आत्मा पुल्लिंगी. तेव्हा आपल्या भाषेतही सगळं नीट बसतं असं नाही. एक धरावं तर दुसरं सुटतं.

पण केडगावच्या त्या आवारात सर्वांत जास्त जवळची वाटली असेल ती रूथची गोष्ट, असं मला राहून राहून वाटतं. चारच अध्यायांचं हे छोटं पुस्तक. बेथलेहेम गावात दुष्काळ पडतो. हिब्रूत 'बेथ' म्हणजे घर, 'लेहेम' म्हणजे भाकर. भाकरीच्या घरातच भाकर नाही! (अरबीत याच शब्दाचा अर्थ मांस. बहिणी असल्या तरी चुली वेगळ्या.) नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुलांबरोबर परमुलखात जाते. तिथं नवरा मरतो, लग्न झालेले दोन्ही मुलगे मरतात. उरतात तीन विधवा, सासू आणि दोन सुना. नामी सुनांना म्हणते, पोरींनो, आपापल्या माहेरी जा. एक रडत रडत जाते. दुसरी, रूथ, सासूला सोडत नाही. दोघी परत बेथलेहेमला येतात. गावच्या बायका विचारतात, ही आपली नामीच का? तर ती म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, मारा म्हणजे कडू. नावांचे अर्थ ठाऊक नसतील तर या उत्तरातलं दुखणं कळत नाही. मग दोघींच्या पोटासाठी रूथ दुसऱ्याच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचते. इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या शहरी मुलीला हे समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहेच, सरवा. निफाड-येवल्याकडच्या कुठल्याही जुन्या बाईला विचारा.

दुष्काळ, विधवापण, परमुलूख, सरवा. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून ज्या मुली आणल्या, त्यांना यातला कुठला शब्द समजावून द्यायला लागला असता? भाषा कठीण केली नाही म्हणजे झालं. रमाबाईंची तक्रार नेमकी हीच होती. आधीच्या भाषांतरांची मराठी त्यांना संस्कृतनं जड झालेली वाटे. शिवाय काही शब्द असे की त्यांच्यामागे हिंदू शास्त्रांतला वेगळाच अर्थ येई. इतरांना ते नुसते भारदस्त वाटत. रमाबाईंना त्यांचा अर्थ ठाऊक होता, हीच तर अडचण! संस्कृतची पंडिता संस्कृत शब्द काढून टाकतेय, असं हे उफराटं दृश्य. ज्या बाईला लिहिता-वाचता नुकतंच यायला लागलंय, तिला वाचून कळलं पाहिजे, ही त्यांची कसोटी.

छपाईही घरचीच. मुक्तीमध्ये विणकाम, तेलघाणा, शेती, दूधदुभतं यांच्याबरोबर छापखाना होता आणि तो मुली-बायका चालवत. आजच्या मुलींना संगणकावरचं टायपिंग माहीत. तेव्हा शिशाचा एक एक खिळा उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं, आरशातल्यासारखं. देवनागरीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं यांचे खिळे वेगवेगळे, म्हणजे इंग्रजीच्या कितीतरी पट घरं लक्षात ठेवायची. मग शाई, मग कच्ची प्रत, मग चुका, की पुन्हा चिमट्यानं खिळे काढा, पुन्हा घाला. बायबलाएवढा जाडजूड ग्रंथ! तोही अशा हातांनी, ज्यांना काही वर्षांपूर्वी कुणी पाटी-पेन्सिलही दिली नव्हती. हिब्रूतून मराठीत आणणारी बाई, जुळवणाऱ्या बाया, छापणाऱ्या बाया. त्या काळात मराठीतला कुठलाही मोठा ग्रंथ असा निघाला असेल, असं मला वाटत नाही.

जगात दुसरीकडे असं झालं होतं का? एक नाव सांगते. अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधली ज्यूलिया स्मिथ. तिनं ग्रीकवरून, हिब्रूवरून आणि लॅटिनवरून मिळून पाच वेळा बायबल स्वतःशीच भाषांतरित केलं आणि १८७६ साली, चौऱ्यांशीव्या वर्षी, पदरचे पैसे घालून छापलं. छापायचं कारणही मजेदार. ज्यूलिया आणि तिची बहीण म्हणत, बायकांना मत द्यायचा हक्क नाही ना, मग आम्ही कर भरणार नाही. गावानं त्यांच्या गाई ओढून नेऊन लिलावात काढल्या. बायकांना अक्कल नसते म्हणून मत नाही म्हणता? घ्या, हे एका बाईनं केलेलं बायबल! तर ज्यूलियाबाई आपल्या घरात निवांत बसून हे करत होत्या. रमाबाईंच्या दारात रोज दीड-दोन हजारांच्या पंगतीची चिंता होती, तेवढा फरक.

नाशिकच्या वाचकांना इथं लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. जलालपूरच्या लेकीनं, शाळेचं तोंड न बघता, रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' लिहिलं. १९३६ साली त्या नाशिकलाच वारल्या. एक पंडिता मराठी सोपी करायला धडपडतेय आणि दुसरीला सोपी मराठी जन्मतःच मिळालेली. लक्ष्मीबाईंना मराठीनं डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच झालं. रमाबाईंच्या या ग्रंथाला मात्र कुणीच आपला म्हटलं नाही. त्यांच्या जुन्या समाजानं त्यांचं नावच टाकलं होतं, त्यात बायबलाचं कौतुक कोण करणार? आणि चर्चमध्ये बायबल सोसायटीची प्रतच चालू राहिली. लहानपणापासून कानात बसलेली वाक्यं कुणी सहजी बदलत नाही, हेही खरं. मूळ शब्दाला घट्ट धरून चालणारं भाषांतर कानाला कधी कधी अडखळतंच. पण भाषेच्या इतिहासातही त्याला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळू नये, हे मला खटकतं. एखाद्या पुरुष पंडितानं पन्नाशीच्या आसपास दोन प्राचीन भाषा शिकून सहासष्ट पुस्तकांचा ग्रंथ एकहाती मराठीत आणला असता तर आपण त्याचे पुतळे उभारले असते.

तसं पाहिलं तर हिब्रू महाराष्ट्राला नवी नव्हती. अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे शनिवार तेली, आपल्या प्रार्थना हिब्रूत म्हणत आले. त्यांच्यासाठी जॉन विल्सननं १८३२ मध्येच मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पण या सगळ्या यादीत बाईचं नाव यायला रमाबाईंची वाट बघावी लागली.

१९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. चाळिशीची, आईचा उजवा हात, पुढं सगळं सांभाळील अशी. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. आधी नवा करार छापून झालेला होता, जुन्या कराराची मुद्रितं तपासायची राहिली होती. ती त्या तपासत राहिल्या. शेवटची पानं पुरी होईपर्यंत थोडे दिवस दे, असं त्यांनी देवाकडे मागितलं होतं, आणि तेवढेच दिवस मिळाले, अशी आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापखान्यातल्या बायकांनी काम चालू ठेवलं. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बांधून बाहेर आला.